त्रिपुरीचा राजशेखर आणि वा. वि. मिराशी : शिलालेखांच्या आधारे साहित्याचा इतिहास

त्रिपुरी हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी १९३९ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या संदर्भात वाचले असेल. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष होते, आजारी होते, आणि त्या अधिवेशनानंतर काही आठवड्यांतच त्यांनी राजीनामा दिला, एवढे शालेय पुस्तकात असते. अधिवेशनाला हे नाव कोठून मिळाले, हे मात्र पुस्तकात नसते. जबलपूरहून भेडाघाटकडे जाताना दहा-बारा किलोमीटरवर तेवर नावाचे गाव लागते. तेच जुने त्रिपुरी, कलचुरी राजांची राजधानी. आज तेथे गावातल्या भिंतींत बसवलेल्या मूर्ती, एक जुनी बारव आणि आसपास पसरलेली टेकाडे दिसतात. दहाव्या शतकात येथे एक राजसभा भरत होती. आपल्या काव्याविषयी कमालीचा आत्मविश्वास असलेला एक कवी त्या सभेत बसत होता, असे संस्कृत साहित्याचे अभ्यासक मानतात. तो कवी म्हणजे राजशेखर.

हे आपल्याला कसे कळले? म्हणजे कोणत्या कागदावरून किंवा कोणत्या दगडावरून, आणि त्यातले नक्की किती कळले आणि किती मानून घेतले? या पाठात हा प्रश्न आपण महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्या लेखनाच्या आधारे पाहणार आहोत. मिराशी शिक्षक होते, साहित्येतिहासकार होते आणि शिलालेखांचे वाचक होते. त्यांच्या कामात या तीन भूमिका वेगळ्या करता येत नाहीत. त्यांचे बळ त्यातच आहे, आणि मला वाटते त्यांची अडचणही.

मिराशींची ओळख

मिराशींचा जन्म १८९३ चा, त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील कुवळे या गावचा. शिक्षण कोल्हापूर व पुणे येथे झाले. १९१९ पासून ते नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागले. पुढे त्याच महाविद्यालयाचे आणि नंतर अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. १९४१ मध्ये महामहोपाध्याय ही पदवी आणि १९७५ मध्ये पद्मभूषण त्यांना मिळाले. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले. चरित्राच्या बाहेरच्या रेषा एवढ्याच. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की त्यांचे जवळजवळ सगळे आयुष्य ज्या प्रदेशात गेले, त्या प्रदेशाच्या साहित्याचा इतिहास लिहिण्यासाठी लागणारी साधने ग्रंथालयात कमी आणि जमिनीत जास्त होती.

त्या वेळी नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि जबलपूर त्याच प्रांतात होते. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर काही काळ जबलपूरची महाविद्यालयेही नागपूरशी जोडलेली होती. म्हणून नागपुरात संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला नर्मदेकाठचे शिलालेख परक्या मुलखातले वाटण्याचे कारण नव्हते. त्याच्या आधी कटनीचे रायबहादूर हिरालाल यांनी या प्रांतातील कोरीव लेखांची यादी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली होती, आणि राखालदास बॅनर्जींचा त्रिपुरीच्या हैहयांवरील ग्रंथ १९३१ मध्ये आला होता. मिराशी रिकाम्या शेतात उतरले नव्हते.

त्यांचे ‘कालिदास’ हे मराठी पुस्तक १९३४ चे. शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकाची सगळी लक्षणे त्यात आहेत. मत सांगण्याआधी विरुद्ध मते मांडायची, प्रत्येकाचा आधार तपासायचा, आणि मग आपला निर्णय द्यायचा. हीच पद्धत पुढे त्यांनी राजांना लावली. १९५५ मध्ये कलचुरी-चेदि संवताच्या कोरीव लेखांचा दोन भागांतला संग्रह, १९६३ मध्ये वाकाटकांचे लेख, १९७७ मध्ये शिलाहारांचे लेख. भारतीय कोरीव लेखांच्या शासकीय मालेतील लागोपाठचे तीन खंड एका माणसाच्या नावावर आहेत, आणि तिसरा निघाला तेव्हा त्यांचे वय चौऱ्याऐंशी होते.

संवत म्हणजे काय अडचण असते

साहित्याच्या विद्यार्थ्यांना कालगणना कंटाळवाणी वाटते. पण थोडे थांबा. कलचुरींच्या लेखांत एक आकडा असतो, उदाहरणार्थ ९०७. हा आकडा भेडाघाटच्या शिलालेखात आहे. राजा गयाकर्णाची विधवा राणी अल्हणादेवी हिने मुलगा नरसिंह राज्यावर असताना तो कोरवला. ९०७ म्हणजे कोणते साल? विक्रम संवत धरला तर इसवी सन ८५०, शक धरला तर ९८५. दोन्ही चूक. हा संवत वेगळा आहे, तो इसवी सन २४८-२४९ च्या सुमारास सुरू होतो. म्हणून ९०७ म्हणजे ११५५. सुरुवातीचे हे वर्ष ठरवण्यासाठी कीलहॉर्न यांच्यासारख्या विद्वानांनी लेखांतल्या तिथी आणि वार यांचा मेळ गणिताने घालून पाहिला. मिराशींनी ते काम पुढे नेले. हा संवत आभीर राजा ईश्वरसेनाने सुरू केला असावा, असे त्यांचे मत होते. ईश्वरसेनाचा लेख नाशिकच्या लेण्यात आहे. म्हणजे नाशिककडे जन्मलेला संवत जबलपूरजवळ येऊन कलचुरींचा झाला. मराठी वाचकाने ही गोष्ट नकाशा पुढे ठेवून वाचावी.

साहित्याशी याचा संबंध असा : आश्रयदात्याचा काळ एकशेतीस वर्षांनी मागे-पुढे झाला, तर कवीने कोणाचे ग्रंथ वाचले होते आणि कोणी त्याचे वाचले, हे सगळे उलटेपालटे होते. एका पिढीचा घोळसुद्धा पुरेसा असतो. कलचुरी वंशात युवराजदेव नावाचे दोन राजे झाले. राजशेखराच्या ‘विद्धशालभंजिका’ या नाटिकेची प्रस्तावना युवराजदेवाच्या परिषदेचा उल्लेख करते. कोणता युवराजदेव? नाटकाच्या पोथीत याचे उत्तर नाही. राजशेखर कनोजच्या महेंद्रपालाचा गुरू होता आणि महीपालाच्या काळीही होता. त्या राजांच्या सालांवरून तो पहिला युवराजदेव असला पाहिजे, दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातला, हे लेखांच्या मदतीनेच ठरते.

कवी कोठून कोठे गेला

राजशेखर स्वतःला यायावर कुळातला म्हणवतो. त्याचा पणजोबा अकालजलद याला तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो. पत्नी अवंतिसुंदरी चाहमान कुळातली होती. ती स्वतः विदुषी असावी, कारण ‘काव्यमीमांसे’त राजशेखर तिची मते आदराने नोंदवतो आणि स्त्रियाही कवी होऊ शकतात असे स्पष्ट म्हणतो. ‘कर्पूरमंजरी’ हे संपूर्ण प्राकृतातले सट्टक तिच्या इच्छेने रंगभूमीवर आले.

त्याच्या ग्रंथांचा क्रम काय, हा प्रश्न मिराशींनी १९३४ मध्ये एका लेखात हाताळला. वरवर पाहता हा यादी लावण्याचा प्रश्न आहे. पण क्रम लागला की कवीचा प्रवास दिसतो. ‘बालरामायण’ आणि ‘बालभारत’ ही नाटके कनोजच्या दरबारातली, ‘विद्धशालभंजिका’ त्रिपुरीची, आणि ‘काव्यमीमांसा’ हा शास्त्रग्रंथ सर्वांत शेवटचा, असे त्यांनी मांडले. साधने काय होती? प्रस्तावनांत आलेली आश्रयदात्यांची नावे, कवी स्वतःला लावत गेलेल्या पदव्या आणि एका ग्रंथात दुसऱ्याची दिसणारी ओळख. पदव्यांचा मुद्दा तर गमतीचा आहे. ‘कर्पूरमंजरी’त राजशेखराने आपली बढती सांगितली आहे : आधी बालकवी, मग कविराज, मग राजाचा उपाध्याय. ‘काव्यमीमांसे’त कवींच्या दहा अवस्था येतात आणि त्यांत कविराज हा महाकवीच्याही वर आहे. स्वतःसाठी पायरी राखून ठेवून मग जिना बांधणारा हा लेखक आहे. मिराशी गंभीर प्रकृतीचे, ते अशा जागी हसत नाहीत. तुम्ही हसायला हरकत नाही.

‘काव्यमीमांसे’ची छापील प्रत मिळाली तीच १९१६ मध्ये, बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतला पहिला ग्रंथ म्हणून. त्याआधीच्या पिढीला राजशेखर फक्त नाटककार म्हणून ठाऊक होता. या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात कवीच्या दिवसाचे वेळापत्रक आहे आणि राजाच्या कविसभेची बैठक आहे : उत्तरेला संस्कृत कवी, पूर्वेला प्राकृत कवी, पश्चिमेला अपभ्रंश कवी, दक्षिणेला भूतभाषेचे कवी. अपभ्रंश कवींच्या मागे चित्रकार, जडावकाम करणारे, सोनार, सुतार, लोहार. ही बैठक त्रिपुरीची का कनोजची, की केवळ आदर्श म्हणून कल्पिलेली, हे सांगता येत नाही. पण भाषांची अशी शेजारी-शेजारी मांडणी ज्याला सुचली, त्याने अशी एखादी सभा पाहिली असणार, असे मला वाटते.

बिल्हारीचा दगड

आता एक शिलालेख जवळून पाहू. कटनीजवळच्या बिल्हारी गावी एक मोठा संस्कृत लेख मिळाला. तो दुसऱ्या युवराजदेवाच्या काळचा आहे आणि आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. पहिल्या युवराजदेवाची राणी नोहला हिने बांधलेल्या शिवमंदिराची, तिने दिलेल्या गावांची आणि शैव आचार्यांची माहिती त्यात आहे. लेखाच्या शेवटी कवी आपल्या रचनेची स्तुती करताना सुचवतो की ही ऐकून राजशेखर कवीलाही आश्चर्य वाटले असते आणि त्याने वाखाणणी केली असती.

एवढ्या वाक्यावरून काय सिद्ध होते? त्रिपुरीच्या परिसरात दोन-तीन पिढ्यांनंतरही राजशेखर हे नाव उत्तम काव्याचे माप म्हणून वापरले जात होते, हे सिद्ध होते. तो तेथे राहत होता हे सिद्ध होत नाही. सिद्ध होण्यासाठी नाटिकेची प्रस्तावना शेजारी ठेवावी लागते. दोन अर्धवट पुरावे एकमेकांना टेकवले की ते उभे राहतात. मिराशींच्या पद्धतीचे मर्म येथे आहे, आणि येथपर्यंत ती निर्दोष आहे.

त्याच लेखात पहिल्या युवराजदेवाच्या पराक्रमाचे वर्णनही आहे. त्याने गौड, कर्णाट, लाट, काश्मीर, कलिंग या देशांतल्या स्त्रियांशी विलास केला, असे कवी सांगतो. दिग्विजयाचे वर्णन शृंगाराच्या भाषेत करण्याचा हा रिवाज संस्कृत प्रशस्तींत सर्वत्र आहे. यातून काश्मीरवर स्वारी झाल्याचा निष्कर्ष कोणी काढला तर आपण मान्य करणार नाही. म्हणजे शिलालेख हाही काव्यच असतो. तो दगडावर आहे म्हणून तो खरा बोलतो असे नाही. हे लक्षात ठेवून पुढे चला, कारण खरी अडचण आता येते.

पयोष्णीकाठची लढाई

‘विद्धशालभंजिके’चे कथानक थोडक्यात असे. त्रिपुरीचा राजा विद्याधरमल्ल. लाट देशाचा राजा चंद्रवर्मा आपल्या मुलीला मुलाचा वेष देऊन या दरबारात पाठवतो. तिचा पती सार्वभौम होईल असे भविष्य आहे, ते मंत्री भागुरायणाला माहीत आहे. राजा स्वप्नात एक तरुणी पाहतो, मग तिच्यासारखी कोरलेली मूर्ती पाहतो, त्यावरून नाटिकेचे नाव पडले. राणी चेष्टेने त्या ‘मुलाला’ बाईचा वेष देऊन राजाशी त्याचे लग्न लावते, आणि मग कळते की तो मुलगा मुळात मुलगीच होती. कुंतल देशाची राजकन्याही राजाला मिळते. शेवटी सेनापतीचे पत्र येते : पयोष्णी नदीच्या काठी लढाई झाली, आपण जिंकलो, कुंतलाच्या पदच्युत राजाला, वीरपालाला, त्याचे राज्य परत मिळाले.

मिराशींनी या पत्रात इतिहास वाचला. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांवरून कळते की युवराजदेवाची मुलगी कुंदकदेवी ही राष्ट्रकूट राजा तिसरा अमोघवर्ष ऊर्फ बद्दिग याची राणी होती. हेही कळते की चौथ्या गोविंदाचे राज्य गेले आणि मांडलिकांच्या विनंतीवरून बद्दिग गादीवर आला. वर्धा जिल्ह्यातील देवळीचा ९४० चा ताम्रपट याचा साक्षीदार आहे. मिराशींचे म्हणणे असे : जावयाला गादी मिळवून देण्यासाठी युवराजदेवाने सैन्य पाठवले, विदर्भात पयोष्णीकाठी गोविंदाच्या बाजूचा पराभव झाला, आणि त्या विजयाच्या आनंदात ही नाटिका त्रिपुरीत खेळली गेली. वीरपाल म्हणजे बद्दिग.

मांडणी आकर्षक आहे. नाटकाला एक संध्याकाळ मिळते, प्रेक्षक मिळतात, प्रसंग मिळतो. अनेक इतिहासग्रंथांत ती जशीच्या तशी उतरली आहे. पण तुम्ही तिच्याकडे साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांनी पाहा. हर्षाची ‘रत्नावली’ आठवा : वेष पालटून आलेली राजकन्या, तिचा पती सार्वभौम होईल हे सिद्धाचे भविष्य, कट रचणारा मंत्री, मत्सरी राणी, शेवटच्या अंकात कोसलविजयाची बातमी. तिच्याही आधीचे कालिदासाचे ‘मालविकाग्निमित्र’ आठवा : दासी म्हणून वावरणारी विदर्भाची राजकन्या, तिच्या भावाला परत मिळालेले राज्य, आणि शेवटी सिंधूकाठच्या विजयाचे वृत्त देणारे पुष्यमित्राचे पत्र. लढाईची बातमी घेऊन येणारे शेवटचे पत्र हा नाटिकेच्या घडणीचा भाग आहे, जसा विदूषक आहे. राजशेखराने ते घातले, कारण न घालता नाटिका पुरी झाली नसती.

म्हणून पत्रातली लढाई खोटी, असे मी म्हणत नाही. रूढ साच्यात खरी घटना बसवता येते. ‘मालविकाग्निमित्रा’तल्या यवनांशी झालेल्या लढाईला इतिहासकार आजही गांभीर्याने घेतात. माझा आक्षेप वेगळा आहे. ताम्रपटांतून सोयरीक सिद्ध होते, सत्तांतर सिद्ध होते. पयोष्णीची लढाई त्यांत नाही. लढाई फक्त नाटिकेत आहे, आणि नाटिकेतले राजाचे नाव ताम्रपटातल्या नावाशी जुळत नाही. नाटकाचा प्रसंग ठरवण्यासाठी लढाई वापरायची आणि लढाई सिद्ध करण्यासाठी नाटक वापरायचे, असे झाले की दोन पुरावे एकमेकांना टेकलेले दिसतात, पण खाली जमीन नसते. बिल्हारीच्या लेखाबाबत तसे नव्हते. तेथे दगड आणि पोथी यांचा उगम वेगवेगळा होता.

या वाचनात आणखी एक गोष्ट हरवते. पुरुषवेषातल्या मुलीला पुन्हा स्त्रीवेष देऊन खोटे लग्न लावावे आणि तेच खरे ठरावे, ही राजशेखराची खास करामत आहे. वेषाच्या आत वेष. ‘रत्नावली’च्या साच्यात त्याने केलेला बदल येथे आहे. नाटिकेला तहाचा दस्तऐवज मानून वाचणाऱ्याला हे दिसते, पण त्यावर थांबावेसे वाटत नाही. मिराशी थांबत नाहीत.

मग त्यांना का वाचायचे

कारण दुसऱ्या बाजूचे उदाहरणही त्यांच्याच कामात आहे, आणि ते जास्त वजनाचे आहे. राजशेखराच्या लेखनात वत्सगुल्म नावाचे विदर्भातले नगर वारंवार येते. कर्पूरमंजरी तेथून आणली जाते. ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न तेथेच लागते. कवीची हौस म्हणून हे सोडून देता आले असते. १९३९ मध्ये वाशिमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट मिळाला, तो वत्सगुल्माहून दिलेला. वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा तेथे राज्य करत होती हे त्यावरून उघड झाले, आणि वाशिम हेच वत्सगुल्म हे पक्के झाले. वैदर्भी रीती आणि प्राकृत काव्य यांची जी ख्याती राजशेखराच्या कानावर होती, तिच्यामागे पाचशे वर्षांपूर्वीची एक खरी राजसभा होती. मिराशींनी या ताम्रपटावर आणि एकूण वाकाटकांवर जे लिहिले, ते १९५७ च्या त्यांच्या मराठी ग्रंथात एकत्र सापडते.

राजशेखरासारखा लेखक भाषांनुसार लिहिलेल्या साहित्येतिहासांतून निसटतो, हेही पाहा. मराठी साहित्याचे इतिहास त्याला घेत नाहीत, कारण तो मराठीत लिहीत नाही. हिंदीचे इतिहास अपभ्रंशाच्या प्रकरणात त्याच्या सभेचा उल्लेख करून पुढे जातात. जबलपूरचेही थोडे असेच आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते नागपूरपासून वेगळे झाले. त्यानंतर मिराशींनी वाकाटकांवर मराठीत आणि कलचुरींवर हिंदीत ग्रंथ लिहिले. लेखसंग्रह तर इंग्रजीत होतेच. ज्या लोकांच्या गावात दगड आहेत त्यांच्या भाषेत दगडांविषयी लिहायचे, एवढाच हिशोब असावा. आज जबलपूरच्या मराठी घरांतला विद्यार्थी दोन्ही पुस्तके वाचू शकतो. ही सोय पुण्याच्या विद्यार्थ्याला सहसा नसते.

स्वाध्याय

‘रत्नावली’, ‘मालविकाग्निमित्र’ आणि ‘विद्धशालभंजिका’ यांचे शेवटचे अंक भाषांतरात का होईना, लागोपाठ वाचा. कागदाचे दोन भाग करा. एका भागात तिन्ही नाटकांत समान असलेले लिहा, दुसऱ्या भागात फक्त राजशेखराकडे असलेले. पयोष्णी नदी, कुंतल देश आणि वीरपाल ही नावे दुसऱ्या भागात येतील. मग त्यांतले प्रत्येक नाव नाटकाबाहेर कोठे भेटते ते शोधा आणि तो आधार नाटकावर अवलंबून नाही ना, हे तपासा. जे जबलपूर किंवा नागपूरच्या जवळ राहतात त्यांनी तेवर आणि भेडाघाटचे चौसष्ट योगिनी मंदिर, किंवा नागपूरच्या संग्रहालयातला बिल्हारीचा लेख पाहून यावे. अक्षरे वाचता आली नाहीत तरी ओळी मोजाव्यात. एवढ्या ओळी कोणीतरी एकेक करून वाचल्या आहेत.